कामाच्या ठिकाणचा भेदभाव आणि कामगाराचे कायदेशीर संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न प्रामुख्याने महाराष्ट्रात नोकरी किंवा मजुरी करणाऱ्यांचे आहेत. उत्तरे भारतातील कायद्यांच्या आधारे दिली आहेत आणि राज्याचा स्वतंत्र कायदा जेथे आहे तेथे तसे नमूद केले आहे. आपल्या प्रकरणात नेमके काय करावे हे ठरवण्यापूर्वी कागदपत्रे घेऊन वकिलाला किंवा कामगार संघटनेच्या जाणत्या कार्यकर्त्याला अवश्य भेटावे.

वरिष्ठांनी माझ्यावर अन्याय केला, तर तो कायद्याच्या दृष्टीने भेदभाव ठरतो का?

प्रत्येक अन्याय भेदभाव ठरत नाही. साहेब सर्वांशीच तुसडेपणाने वागत असतील, सर्वांचाच पगार उशिरा होत असेल किंवा मर्जीतल्या एकाला बढती मिळाली असेल, तर त्यावर दाद मागण्याचे इतर मार्ग असू शकतात. भेदभाव म्हणण्यासाठी मात्र दोन गोष्टींचा सांधा जुळावा लागतो. आपल्याला इतरांपेक्षा वाईट वागणूक मिळाली हे दिसले पाहिजे, आणि त्यामागचे कारण स्त्री असणे, गर्भवती असणे, जात, धर्म, अपंगत्व, एचआयव्हीची लागण किंवा लिंगओळख यांसारखे, म्हणजे कामाच्या गुणवत्तेशी संबंध नसलेले आणि कायद्याने निषिद्ध ठरवलेले असले पाहिजे. तक्रारी फसतात त्या बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीवर. अन्यायाचे वर्णन पानभर असते, पण तो कशामुळे झाला हे सांगणारे एकही वाक्य तक्रारीत नसते.

भेदभावाविरुद्ध एकच सर्वसमावेशक कायदा भारतात आहे का?

नाही, आणि या विषयातील सर्व गोंधळाचे मूळ तेथेच आहे. ब्रिटनमध्ये २०१० चा समता कायदा आहे, अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण आहे. आपल्याकडे मात्र वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या चळवळींच्या रेट्याने झालेले वेगवेगळे कायदे आहेत आणि प्रत्येकाची व्याप्ती, मुदत व तक्रारीची जागा निराळी आहे. नोकरी व व्यवसायातील भेदभावाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक १११ भारताने १९६० सालीच मान्य केला. त्यात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत आणि सामाजिक मूळ या सर्वांचा उल्लेख आहे. तरीही खासगी नोकरीतील सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू होणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. भेदभावविरोधी व समता विधेयक, २०१६ हे खासगी विधेयक (म्हणजे सरकारने नव्हे, तर एका खासदाराने आणलेले) लोकसभेत मांडले गेले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. ही पोकळी भरून काढणे ही कामगार चळवळीची आणि लोकप्रतिनिधींची आजची जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

तोपर्यंत कामगाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझा मालक कोण आहे, सरकार की खासगी? भेदभावाचे कारण कोणते? आणि तो नेमका कशात झाला : भरतीत, पगारात, बढतीत, वागणुकीत की कामावरून काढण्यात? कोणता कायदा लागू होतो हे या तीन उत्तरांवरून ठरते.

राज्यघटनेने समानतेचा हक्क दिला आहे. मग खासगी कंपनीविरुद्ध त्याचा थेट उपयोग का होत नाही?

घटनेचे कलम १४ कायद्यापुढील समानता देते, कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते आणि कलम १६ सार्वजनिक नोकरीत संधीची समानता देते. ही कलमे मुख्यतः राज्यसंस्थेला, म्हणजे केंद्र व राज्य सरकार, महानगरपालिका, जिल्हा परिषदा, सरकारी महामंडळे आणि सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या व बँका यांना बांधून ठेवतात. त्यामुळे एसटी महामंडळाच्या वाहकाला किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला उच्च न्यायालयात या कलमांचा आधार घेता येतो. हिंजवडीतील किंवा चाकणमधील खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला मात्र एखाद्या विशिष्ट कायद्यातूनच जावे लागते. कलम १७ याला अपवाद आहे. अस्पृश्यता तेथे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे आणि ती पाळणारा सरकारी आहे की खासगी, हा प्रश्नच उद्भवत नाही.

समान वेतन कायदा रद्द झाला असे ऐकले. मग आता स्त्री-पुरुषांना समान पगाराचा हक्क उरला आहे का?

हक्क शाबूत आहे, फक्त तो आता दुसऱ्या कायद्यात आहे. १९७६ चा समान वेतन कायदा वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन करण्यात आला आणि केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता यांविषयीचे कायदे) अमलात आणल्या. वेतन संहितेच्या कलम ३ नुसार एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये वेतनाबाबत लिंगाधारित भेदभाव करता येत नाही. तसाच तो भरती करताना आणि नोकरीच्या शर्ती ठरवतानाही करता येत नाही; एखाद्या कामात स्त्रियांना घेण्यास कायद्यानेच मनाई किंवा निर्बंध असेल तेवढाच अपवाद. याच कलमात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. समानता आणण्याच्या नावाखाली मालकाला कोणाचाही पगार कमी करता येत नाही. बाईंचा पगार पुरुषाच्या पगारापर्यंत वाढवावा लागतो, पुरुषाचा खाली आणता येत नाही.

या संहितेतील ‘कर्मचारी’ या संज्ञेत पर्यवेक्षक, प्रशासकीय अधिकारी आणि व्यवस्थापकही येतात. औद्योगिक संबंध संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापक वगळले जातात, परंतु समान वेतनाच्या दाव्याला ती अडचण येत नाही. म्हणून मोठ्या पगारावर काम करणाऱ्या महिला अधिकाऱ्यांनी ‘कामगार कायदा आपल्यासाठी नाही’ असे गृहीत धरू नये.

आमच्या कंपनीत स्त्री व पुरुषांच्या पदांची नावेच वेगळी ठेवली आहेत. मग काम समान आहे हे कसे ठरवायचे?

ही पळवाट फार जुनी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९८७ सालीच बंद केली. तो खटला मुंबईतला होता. मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या महिला लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार मिळत असे. ऑड्रे डिकोस्टा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. कंपनीचे म्हणणे असे होते की या महिलांचे काम गोपनीय स्वरूपाचे असल्याने त्यांचा वर्ग वेगळा आहे, पगाराचा करार संघटनेशी झालेला आहे आणि शिवाय कंपनीची आर्थिक स्थिती बिकट आहे. न्यायालयाने यांतील एकही मुद्दा मान्य केला नाही. काम समान आहे की नाही हे व्यापक दृष्टीने पाहावे, तपशिलातील किरकोळ फरकांवर बोट ठेवून स्त्रियांना डावलता येणार नाही, संघटनेशी केलेला करार कायद्यापेक्षा वरचढ ठरत नाही आणि समान वेतन देण्याची ऐपत नाही हा बचाव होऊ शकत नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

वेतन संहितेची व्याख्याही याच अंगाने जाते. कामासाठी लागणारे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी असेल, कामाची परिस्थिती सारखी असेल आणि उरलेला फरक व्यवहारात महत्त्वाचा नसेल, तर ते काम समान स्वरूपाचे मानले जाते. याबद्दल वाद झाल्यास सरकारने नेमलेला प्राधिकारी निर्णय देतो. म्हणून पदनाम बाजूला ठेवून प्रत्यक्ष दिवसभराच्या कामाची नोंद करावी : कोणते यंत्र चालवतो, किती नग काढतो, सही कोणाची चालते, चूक झाल्यास जाब कोणाला विचारला जातो. दाव्याचा कणा हाच असतो.

शेतात बायांना पुरुषांपेक्षा कमी रोज देतात. ‘रीतच आहे’ असे सांगतात. हे कायदेशीर आहे का?

काम समान स्वरूपाचे असेल तर हे बेकायदेशीर आहे; रीत किती जुनी आहे यावरून ते कायदेशीर होत नाही. अडचण वेगळीच आहे. खुरपणी, वेचणी, लावणी ही ‘बायकांची कामे’ आणि नांगरट, फवारणी, ओझी वाहणे ही ‘गड्यांची कामे’ अशी वाटणी आधीच केलेली असते आणि मग कामच वेगळे असल्याचा युक्तिवाद केला जातो. दिवसभर वाकून खुरपण्यास लागणारे श्रम कमी आहेत असे म्हणण्यास कोणताही आधार नाही, आणि असा दावा आला तर श्रम व कौशल्य या कसोट्यांवर तो आग्रहाने मांडला पाहिजे. समान रोज देणे अशक्य नाही हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. राज्याच्या रोजगार हमीच्या कामांवर स्त्री व पुरुषांना एकाच दराने मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले आणि पुढे देशपातळीवरील योजनेतही ते आले.

ऊसतोडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्यांमध्ये नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरला जातो. मुकादम उचल देतो ती बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती पडते आणि बाईने तोडलेल्या, बांधलेल्या व डोक्यावरून गाडीपर्यंत नेलेल्या उसाची मजुरी तिच्या नावाने कोठेही नोंदली जात नाही. आजारपणात किंवा पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या शस्त्रक्रियांच्या मागे ज्या गोष्टी होत्या, त्यांत हा खाडाही होता. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक काम करणारी व्यक्ती स्वतंत्र मजूर आहे आणि तिची मजुरी तिचीच आहे. बाईचे नाव, तिची हजेरी आणि तिच्या खात्यात जमा होणारी रक्कम वेगळी असावी, ही मागणी संघटनांनी करारातच घालून घेणे आवश्यक आहे. नोंदच नसेल तर भेदभाव सिद्ध करण्यास काहीच उरत नाही.

मुलाखतीत ‘लग्न कधी करणार, मूल कधी होऊ देणार’ असे विचारले. असे विचारता येते का?

असा प्रश्न केवळ स्त्रियांना विचारला जात असेल आणि त्याच्या उत्तरावर निवड अवलंबून ठेवली जात असेल, तर तो भरतीतील लिंगाधारित भेदभाव आहे असा दावा करता येतो. आयुर्विमा महामंडळाने एका महिला उमेदवाराकडून मासिक पाळीच्या तारखा व गर्भारपणे यांची माहिती भरून घेतली होती. ‘नीरा माथुर’ या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रश्न लाजिरवाणे व अपमानकारक ठरवून ते अर्जातून काढून टाकण्यास सांगितले. तरीही अशा अटी पुन्हा पुन्हा डोके वर काढतात. तीन महिन्यांहून अधिक गर्भवती उमेदवारांना तात्पुरते अपात्र ठरवणारी मार्गदर्शक सूचना भारतीय स्टेट बँकेने काढली होती. मोठी टीका झाल्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये ती स्थगित करण्यात आली.

विमानसेविकांचा खटला तर प्रत्येक नोकरदार स्त्रीने माहीत करून घ्यावा असा आहे. पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपुष्टात आणणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. मात्र त्याच निकालात नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट न्यायालयाने वैध मानली होती. आज तशी अट टिकणे अवघड आहे. लष्करी परिचर्या सेवेतील एका महिला अधिकाऱ्याला लग्न केल्यामुळे सेवेतून कमी केले, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून तिला ६० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला.

गरोदर असल्याचे कळताच राजीनामा मागितला. काय करावे?

राजीनामा देऊ नये. एकदा सही झाली की तो स्वेच्छेने दिला नव्हता हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि दोन अपत्ये हयात असतील तर त्यानंतर १२ आठवड्यांची. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने वाढली आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा नोकरीच्या शर्ती बाईच्या तोट्याच्या करणे बेकायदेशीर आहे. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा हक्क आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील महिला मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसा निर्णय दिला आहे.

गरोदर असल्याची लेखी सूचना डॉक्टरांच्या दाखल्यासह ईमेलने किंवा पोच घेऊन द्यावी. तोंडी सांगितलेले नंतर कोणालाच आठवत नाही.

रात्रपाळीचे कारण सांगून स्त्रियांना घेतच नाहीत. हे चालते का?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ भरती, प्रशिक्षण, बदली, बढती व वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई करतो. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीची संमती असेल आणि सुरक्षितता, वाहतूक इत्यादींची व्यवस्था मालकाने केली असेल, तर तिला काम करता येते. व्यवस्था करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती केली नाही म्हणून स्त्रीलाच नाकारणे म्हणजे आपल्या कसुरीची शिक्षा तिला देणे होय.

जातीवरून टोमणे मारतात, ठरावीक कामच देतात. खासगी कंपनीत याला कोणता कायदा लागू होतो?

दोन कायदे खासगी मालकालाही थेट लागू होतात. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही एखाद्या व्यवसायात किंवा नोकरीत अडथळा आणणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ नुसार सार्वजनिक दृष्टिपथात जातीच्या नावाने शिवीगाळ करणे किंवा अपमानाच्या हेतूने हिणवणे हा गुन्हा आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर इतरांना खुल्या असलेल्या नोकरीपासून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला रोखणे हाही गुन्हा आहे. त्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्यानेच करावा लागतो.

या कायद्याचा वापर करताना ‘सार्वजनिक दृष्टिपथात’ हे शब्द नीट समजून घ्यावेत. बंद खोलीत, बाहेरचे कोणीही नसताना झालेले बोलणे या तरतुदीत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून घटना कोठे घडली, तेव्हा कोण कोण हजर होते आणि नेमके शब्द काय होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

कामाच्या वाटपातील जातीयता हा वेगळा आणि अधिक खोल प्रश्न आहे, कारण तेथे शिवी नसते, साक्षीदार नसतो, केवळ साफसफाईचे काम दर वेळी त्याच दोघांच्या वाट्याला येत असते. तुरुंगांत जातीनुसार कामे वाटून देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कलम १७ चा आधार घेतला गेला. हा निकाल तुरुंगांपुरता असला तरी त्यातील विचार सरकारी रुग्णालये, नगरपालिका आणि त्यांच्या कंत्राटदारांकडील कामाच्या वाटपाबाबतही मांडण्याजोगा आहे. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांविना माणूस उतरवणे तर हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सरळसरळ निषिद्ध आहे.

इतर मागासवर्गीय किंवा भटक्या-विमुक्त कर्मचाऱ्याला खासगी नोकरीत जातीवरून डावलले, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या उपयोगी पडत नाही, अर्थात तो अनुसूचित जाती किंवा जमातीचा असल्याशिवाय. आधी सांगितलेली पोकळी येथे सर्वाधिक जाणवते.

धर्मामुळे नोकरी नाकारली तर?

सरकारी नोकरीत कलम १६ चा स्पष्ट आधार आहे. खासगी भरतीत धर्माधारित नकाराविरुद्ध स्वतंत्र श्रम कायदा नाही. मुंबईत २०१५ साली हिरे निर्यात करणाऱ्या एका कंपनीने मुस्लीम तरुणाचा अर्ज धर्माचे कारण लेखी देऊन फेटाळला, तेव्हा पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. परंतु त्यासाठी फौजदारी कायद्यातील एका निराळ्याच कलमाकडे वळावे लागले. कारण लेखी दिलेले होते म्हणून एवढे तरी होऊ शकले. अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार करता येते.

अपंगत्व असल्यास मालकावर कोणती बंधने आहेत?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. अपंगत्वावरून भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे आणि वाजवी सोयी नाकारणे हाही भेदभावच मानला आहे. उताराचा रस्ता, पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, खाली बसून करता येणारे काम, वेळेतील थोडी सवलत अशा सोयी मालकावर अवाजवी बोजा न पडता देता येत असतील, तर त्या दिल्याच पाहिजेत. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे लागते, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयी, योग्य पदे व संपर्क अधिकारी यांचा तपशील असावा लागतो. हे धोरण मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही, म्हणून ते मागावे.

सरकारी नोकरीत किमान ४ टक्के आरक्षण आहे. सेवेत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते आणि ते नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येहून जादा पद निर्माण करावे लागते. रंगांधळेपणामुळे बस चालवण्यास अपात्र ठरलेल्या तेलंगणातील परिवहन महामंडळाच्या चालकाला योग्य पर्यायी काम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. महाराष्ट्रात तक्रार पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

एचआयव्ही चाचणीची सक्ती करता येते का?

नाही. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे आणि तो खासगी मालकालाही लागू आहे. नोकरीची पूर्वअट म्हणून ही चाचणी घेता येत नाही आणि केवळ लागण झाली म्हणून कामावरून काढता येत नाही. या कायद्याच्या वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या बाजूने असाच निकाल दिला होता. त्याचे नाव उघड होऊ नये म्हणून तो खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या अक्षरांनीच ओळखला जातो. ओळख गुप्त ठेवून दाद मागण्याची ती वाट आजही उपलब्ध आहे.

तृतीयपंथी कर्मचाऱ्यांना संरक्षण आहे का?

आहे. १० जानेवारी २०२० पासून अमलात असलेल्या २०१९ च्या कायद्यानुसार कोणत्याही आस्थापनेला भरती, बढती किंवा अन्य बाबतीत तृतीयपंथी व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही आणि प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा लागतो. अंमलबजावणी फार कच्ची आहे. एका तृतीयपंथी शिक्षिकेला खासगी शाळांनी नाकारल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये भरपाईचा आदेश देताना या ढिलाईवर बोट ठेवले.

लैंगिक छळ हा भेदभावाचाच प्रकार आहे का?

होय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने तो स्त्रीच्या समानतेच्या हक्काचा भंग मानला आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्याच पायावर उभा आहे. बढतीचे आमिष, नुकसानीची धमकी आणि काम करणे असह्य होईल असे वातावरण यांचाही त्यात विचार आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिच्या अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. समिती न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान आस्थापनांतील, घरकाम करणाऱ्या किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेल्या स्त्रियांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मागता येते. समितीने घाई केली किंवा समोरच्याला बाजू मांडू दिली नाही, तर पुढे सगळीच चौकशी कोसळते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात मे २०२३ मध्ये नेमके असे घडले. म्हणून तक्रारदार स्त्रीनेही समितीकडून काटेकोर कार्यपद्धतीचा आग्रह धरावा, त्यात तिचेच हित आहे.

वर्षानुवर्षे बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी तात्पुरता) किंवा कंत्राटी म्हणूनच ठेवले आहे, शेजारचा कायम कामगार तेच काम दुप्पट पगारावर करतो. हा भेदभाव नाही का?

भेदभावाचे निषिद्ध कारण येथे नसले तरी मार्ग आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते ठेवणे, तसेच गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे, या दोन्ही अनुचित प्रथा मानल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही त्यांचा समावेश आहे. १९७१ च्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत करावी लागते. संहिता लागू झाल्यानंतर आपले प्रकरण कोणत्या मंचापुढे न्यायचे हे दाखल करण्यापूर्वी वकिलाकडून निश्चित करून घ्यावे. गोव्यात हा राज्य कायदा लागू नाही. सरकारी आस्थापनेतील तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या ‘पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग’ या निकालात सांगितले आहे.

वय, भाषा किंवा दिसण्यावरून नाकारले तर?

खासगी नोकरीत यांपैकी कशालाही थेट कायदेशीर संरक्षण नाही. भाषा किंवा दिसणे यांच्या आडून जात, लिंग अथवा अपंगत्व यांवर नेम धरला जात आहे, असे दाखवता आले तरच वरील कायद्यांचा उपयोग होतो.

भेदभाव सिद्ध कसा करायचा? कोणी तो लेखी कबूल करत नाही.

तुलना हा सर्वांत भक्कम पुरावा असतो. आपल्याइतकाच अनुभव व तेच काम असलेली दुसरी व्यक्ती कोण आणि तिला काय मिळाले, हे दाखवावे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, हजेरीपत्रक, मूल्यमापन अहवाल आणि बढतीच्या यादीच्या प्रती जपाव्यात. मूल्यमापन वर्षानुवर्षे उत्तम असताना गर्भारपण जाहीर केल्यानंतरच ते एकाएकी घसरले, तर तारखांचा क्रमच बोलका ठरतो. व्हॉट्सॲपवरील संदेश व ईमेल न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ मोबाइल विकू किंवा पुसून टाकू नये. सरकारी आस्थापनेतील कागद माहिती अधिकारात मागता येतात. वेतन कमी दिल्याचा दावा असेल, तर देणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेतन संहितेच्या कलम ५९ नुसार मालकावर आहे.

तक्रार केली म्हणून कामावरून काढले तर?

सूडबुद्धीने कामावरून काढणे ही स्वतंत्र अनुचित प्रथा आहे आणि तिच्याविरुद्ध वेगळी दाद मागता येते. त्यासाठी मूळ तक्रारीची तारीख आणि पोच असलेली प्रत हातात हवी. शक्य असेल तेथे एकट्याने न जाता संघटनेमार्फत किंवा दोघा-तिघांनी मिळून तक्रार करावी.

परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला कोणता कायदा लागू होतो?

साधारणपणे जेथे काम करतो तेथील. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. कॅलिफोर्नियात तशाच आशयाचे विधेयक मंजूर झाले, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाकारले.

तक्रार नेमकी कोठे करायची, आणि वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

पगारातील भेदभावासाठी जिल्ह्यातील कामगार आयुक्त कार्यालयात जावे. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि प्राधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी सेवाविषयक बाबींसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे; तेथे साधारण एक वर्षाची मुदत असते. लैंगिक छळासाठी अंतर्गत वा स्थानिक समिती, किंवा केंद्र सरकारचे शी-बॉक्स हे संकेतस्थळ आहे. जातीय अत्याचारासाठी पोलीस ठाणे. राज्य महिला आयोगाकडेही दाद मागता येते, पण आयोगाकडे अर्ज केला म्हणून इतर कायद्यांतील मुदत थांबत नाही, आणि याच गैरसमजातून अनेक चांगली प्रकरणे हातची जातात.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. जाताना ओळखपत्र, नेमणूकपत्र किंवा पगारपत्रक आणि घटनांची तारीखवार यादी सोबत न्यावी. नेमणूकपत्र दिलेलेच नसेल तर बँक खात्यातील पगाराच्या नोंदी, कंपनीचे ओळखपत्र, गेटपास किंवा मुकादमाच्या वहीतील पानाचा फोटो यांवरही सुरुवात करता येते.